घरातली गॅस फर्नेस आणि तिचे राखणदार

थर्मोस्टॅटने, म्हणजे खोलीच्या तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाने, उष्णता मागितली आणि लगेच जाळ पेटला, असे घरातल्या गॅस फर्नेसमध्ये, म्हणजे गॅस जाळून तापवलेली हवा घरभर खेळवणाऱ्या यंत्रात, होत नाही. मागणी येणे आणि बर्नर पेटणे यांच्यात साधारण मिनिटभराचा अवधी जातो, आणि त्या अवधीत फर्नेसचा कंट्रोल बोर्ड एकामागून एक खात्री करून घेत असतो: धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे का, आतले तापमान मर्यादेत आहे का, सोडलेला गॅस खरोखर पेटला का. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आले नाही, तर गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही, किंवा उघडलेला असेल तर तत्काळ मिटतो. ही खात्री करून देणारे भाग आकाराने लहान, बहुतांशी स्वस्त आणि दिसायला अगदी सामान्य असतात. पण बेसमेंटमध्ये रात्रभर धगधगणाऱ्या त्या जाळाचे खरे राखणदार तेच आहेत.

आम्ही अमेरिकेत, शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो. इथे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत फर्नेसवाचून भागत नाही, आणि ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे २३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ उणे ३१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, तेव्हा तर साऱ्या घराचा जीव तिच्यावरच अवलंबून होता. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या यंत्राची ओळख नसते. आपल्याकडे गॅसचा जाळ डोळ्यांसमोर असतो. शेगडीची ज्योत पिवळी पडली की बर्नर घासायला हवा, हे घरात वावरतानाच कळते. फर्नेसचा जाळ मात्र पत्र्याच्या दाराआड असतो, घर विकत घेताना तिची पाहणी दुसरेच कोणी करते, आणि मग ती बंद पडेपर्यंत तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. माझ्या ओळखीच्या अनेक मराठी घरांत हेच पाहिल्यामुळे मी हे सविस्तर लिहीत आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की, फर्नेस बंद पडते तेव्हा पुष्कळदा तिच्या एखाद्या राखणदाराने आपले काम चोख बजावलेले असते, आणि म्हणून ती पुन्हा सुरू करण्याआधी त्याने गॅस का तोडला हे समजून घेतले पाहिजे.

आधी हा क्रम नीट पाहू. थर्मोस्टॅटकडून संकेत आला की बोर्ड प्रथम प्रेशर स्विचकडे पाहतो. या क्षणी त्याचा संपर्क तुटलेला असायला हवा, कारण धूर ओढणारा छोटा पंखा, ज्याला इंड्यूसर म्हणतात, तो अजून सुरू झालेला नसतो. पंखा बंद असतानाच संपर्क जुळलेला दिसला, तर स्विच अडकला आहे किंवा कोणीतरी तार जोडून त्याला बगल दिली आहे असे मानून बोर्ड तिथेच थांबतो. सारे ठीक असेल तर इंड्यूसर फिरू लागतो, आत उरलेला वायू बाहेर काढतो, आणि त्याने निर्माण केलेल्या ओढीने प्रेशर स्विचमधला पातळ पडदा सरकून संपर्क जुळतो. मग इग्नायटर हजार अंश सेल्सिअसच्या वर तापून लखलखू लागतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, एका टोकाचा बर्नर पेटतो आणि ज्योत शेजारच्या बर्नरांवर धावत जाते. बहुतेक फर्नेसमध्ये दुसऱ्या टोकाला फ्लेम सेन्सर असतो. त्याने काही सेकंदांत ज्योतीची ग्वाही दिली नाही तर गॅस तुटतो आणि बोर्ड सगळा क्रम नव्याने सुरू करतो. ठरावीक प्रयत्न फसले की तो काही काळ पुढचे प्रयत्नच थांबवतो. गॅस व्हॉल्व्हमध्येही एकामागे एक अशा दोन झडपा असतात, त्यामुळे एक अडकली तरी दुसरी गॅस रोखू शकते. सतत तेवणारी पायलट ज्योत असलेल्या जुन्या फर्नेसमध्ये ज्योतीची खात्री करण्याचे काम थर्मोकपल करीत असे: पायलटच्या उष्णतेने त्यात सुमारे ३० मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब निर्माण होई, तेवढ्यावर व्हॉल्व्ह उघडा धरला जाई, आणि पायलट विझली की तो आपोआप मिटे.

या सगळ्यांत फ्लेम सेन्सर हा मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. दिसायला ती चिनी मातीच्या बुंध्यात बसवलेली धातूची एक बारीक दांडी असते, आणि ती ज्योतीची उष्णता मोजत असेल असा कोणाचाही समज होईल; प्रत्यक्षात ती ज्योतीतून वाहणारी वीज मोजायला मदत करते. जळणाऱ्या वायूत विद्युतभारित कण तयार होत असल्यामुळे ज्योतीतून अगदी क्षीण प्रवाह वाहू शकतो. बोर्ड या दांडीला प्रत्यावर्ती विद्युतदाब देतो. दांडीचा पृष्ठभाग लहान आणि अर्थिंगला जोडलेल्या बर्नरचा पृष्ठभाग मोठा असल्याने वीज एका दिशेने जास्त आणि उलट दिशेने कमी वाहते, आणि हा एका दिशेला झुकलेला प्रवाह हाच बोर्डच्या दृष्टीने ज्योतीचा पुरावा ठरतो. सेन्सरची तार कुठे पत्र्याला चिकटली तरी बोर्ड फसत नाही, कारण तशा जोडणीतून वीज दोन्ही दिशांनी सारखीच वाहते. प्रवाहाचे माप साधारण १ ते ६ मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचे काही दशलक्षांश इतके असते. एवढ्या नाजूक संकेतावर घराची सुरक्षितता उभी असल्याने दांडीवर चढलेला सिलिकाचा पातळ, डोळ्यांना जेमतेम दिसणारा थरसुद्धा प्रवाह अडवायला पुरतो.

असे झाले की लक्षण ठरलेले असते: बर्नर पेटतात, काही सेकंद छान जळतात आणि विझतात, थोड्या वेळाने पुन्हा तेच. हा दोष घरच्या घरी काढता येण्यासारखा आहे. फर्नेसचा विजेचा स्विच बंद करावा, तिच्या शेजारचा गॅसचा कॉक फिरवून बंद करावा, बहुधा एकाच स्क्रूने बसवलेला सेन्सर बाहेर काढून दांडी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासावी, कोरड्या फडक्याने पुसावी आणि होती तशी बसवावी. जाड सॅंडपेपर वापरू नये. त्याने दांडीवर ओरखडे पडतात आणि पुढचा थर लवकर धरतो. जवळच असलेल्या इग्नायटरला बोट लावू नये, कारण तो फार ठिसूळ असतो आणि काही प्रकारच्या इग्नायटरला हाताचे तेल लागले तर तो त्या जागी तडकतो. स्वच्छ केलेला सेन्सर थोड्याच दिवसांत पुन्हा तक्रार करू लागला, तर चिनी मातीला गेलेला तडा, सैल झालेली तार, गंजलेले अर्थिंग किंवा बिघडलेले ज्वलन यांपैकी काहीतरी मागे आहे असे समजावे आणि तंत्रज्ञाला बोलवावे.

लिमिट स्विचची गोष्ट वेगळी आहे. हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे ज्या पोकळ धातूच्या नळ्यांतून जळता वायू जातो आणि ज्यांच्या बाहेरून घरातली हवा वाहते त्या भागाच्या जवळ ही द्विधातूची चकती बसवलेली असते. तिथली हवा ठरलेल्या तापमानाच्या वर गेली की चकती वाकते, संपर्क तुटतो, गॅस बंद होतो आणि ब्लोअर, म्हणजे घरभर हवा खेळवणारा मोठा पंखा, मात्र फिरत राहून उष्णता बाहेर काढतो. तापमान उतरले की ती आपोआप पूर्ववत होते. या आपोआप पूर्ववत होण्यातच एक धोका दडलेला आहे. फर्नेस मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते, घर कसेबसे उबदार राहते आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. पण दर खेपेला हीट एक्स्चेंजरचा धातू वाजवीपेक्षा जास्त तापून फुगतो आणि आकसतो, आणि असा ताण हिवाळ्यामागून हिवाळे सोसल्यावर त्याला तडे जातात.

लिमिट स्विचचा संपर्क वारंवार तुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अपुरी हवा, आणि ती अपुरी पडण्यात आपल्या सवयींचा वाटा मोठा असतो. फिल्टर महिनोन्‌महिने बदलला जात नाही. फोडणीचा वास आणि धूळ अडावी म्हणून दुकानातला सर्वांत उच्च प्रतीचा एक इंची फिल्टर आणला जातो, आणि तो इतका दाट असतो की ब्लोअरला त्यातून पुरेशी हवा ओढता येत नाही. पाहुण्यांची खोली एरवी रिकामी असते म्हणून तिथले व्हेंट, म्हणजे गरम हवा येण्याचे झरोके, मिटवले जातात, दिवाणखान्यातल्या रिटर्न जाळीसमोर, जिथून हवा फर्नेसकडे परत जाते तिथे, सोफा किंवा देव्हारा येतो. गॅस वाचवण्याच्या चांगल्या हेतूने केलेली ही व्यवस्था फर्नेसचा श्वास कोंडते. माझ्या मते साध्या एक इंची जागेत मर्व्ह (फिल्टर किती बारीक गाळतो याचे माप) ८ प्रतीचा फिल्टर पुरेसा असतो, हिवाळ्यात तो दर महिन्याला प्रकाशासमोर धरून पाहावा आणि उजेड आरपार येईनासा झाला की बदलावा. अधिक बारीक गाळणी हवी असेल तर चार-पाच इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घ्यावी. फर्नेसच्या आतल्या पट्टीवर तापमानवाढीची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट. परत येणारी हवा आणि बाहेर पडणारी तापलेली हवा यांतला फरक साध्या थर्मामीटरने मोजला, तर आपली फर्नेस त्या मर्यादेत आहे की नाही हे कोणालाही कळू शकते.

आता रोलआउट स्विच. या एका भागाबद्दल मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. बर्नरच्या तोंडाशी बसवलेल्या या छोट्या चकत्या, जाळ नळ्यांत आत जाण्याऐवजी उलटा बाहेर येऊ लागला तर तापून गॅस तोडतात, आणि बहुतेक फर्नेसमध्ये त्या आपोआप पूर्ववत होत नाहीत. मधले छोटे बटण हाताने दाबावे लागते. ते बटण मुद्दामच हाताने दाबण्याचे ठेवले आहे, कारण जाळ बाहेर येण्यामागची कारणे नेहमी गंभीर असतात: धुराची वाट तुंबलेली असते, नळ्यांत काजळी साचलेली असते, किंवा हीट एक्स्चेंजर तडकून ब्लोअरची हवा बर्नरच्या जागेत घुसत असते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाला कोणीतरी फोनवरून बटण दाबायला सांगितले होते, आणि ते ऐन थंडीत अनेक दिवस तसे दाबत राहिले. शेवटी आलेल्या तंत्रज्ञाने हीट एक्स्चेंजरमधली बोटभर लांबीची चीर दाखवली आणि फर्नेस तत्काळ बंद करायला लावली. रोलआउट स्विचने गॅस तोडला असेल तर बटणाला हात न लावता फर्नेस बंद ठेवावी, विजेच्या हीटरवर रात्र काढावी, गरज पडल्यास मित्रांकडे मुक्कामाला जावे, पण कारण सापडेपर्यंत ती पेटवू नये.

प्रेशर स्विचची तक्रार त्यामानाने सौम्य कारणांनी येते. ज्या फर्नेसची कार्यक्षमता ९० टक्क्यांहून अधिक असते, त्या धुरातली वाफही थंड करून तिची उष्णता काढून घेतात. त्यामुळे थंडीच्या दिवसात काही लिटर किंचित आम्लधर्मी पाणी तयार होते, आणि ते एका सापळ्यातून व नळीतून मोरीकडे जाते. सापळ्यात गाळ बसला किंवा थंड भागातून जाणारी नळी गोठली, की पाणी मागे तुंबते आणि स्विचचा संपर्क जुळत नाही. दुसरे कारण घराबाहेर असते. या फर्नेसचे हवा घेणारे आणि धूर सोडणारे पांढरे पाइप भिंतीतून बाहेर निघतात, बहुधा जमिनीपासून फार उंच नसतात, आणि वाऱ्याने साचलेल्या बर्फाखाली गाडले जाऊ शकतात. हिमवादळानंतर गाडीची वाट मोकळी करण्याआधी या पाइपांभोवतीचा बर्फ हाताने काढावा, आणि स्नोब्लोअरचा झोत त्या बाजूला जाणार नाही हे पाहावे. सुटीसाठी भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी शेजाऱ्याला किल्ली देताना हे पाइप कुठे आहेत तेही दाखवून जावे. तार जोडून प्रेशर स्विच वगळण्याचा सल्ला मात्र कोणीही दिला तरी मानू नये. धूर बाहेर जातो आहे याची एकमेव साक्ष त्याने पुसली जाते.

फर्नेसचा बोर्ड नेमके काय म्हणतो आहे हेही वाचता येते. खालच्या दारातल्या छोट्या काचेतून एक दिवा लुकलुकताना दिसतो, आणि किती लुकलुकींचा काय अर्थ याचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. वीज बंद करण्याआधी त्या लुकलुकी मोजून लिहून ठेवाव्यात, कारण काही बोर्डांवर वीज गेली की ती नोंद पुसली जाते. दार काढल्यावर फर्नेस थांबते ती दारामागच्या बटणामुळे. तेही सुरक्षिततेचाच भाग आहे, कारण दार उघडे असताना ब्लोअर बर्नरजवळची हवा आणि तिच्यातला धूर ओढून घरभर पसरवू शकतो. ते बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेले कुठे आढळले, तर पट्टी काढून टाकावी.

यांतले बरेच राखणदार ज्या शत्रूसाठी आहेत, तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कोणत्याही एका स्विचला दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, थकवा अशी त्याची लक्षणे फ्लूसारखी असल्याने तो ओळखू येत नाही. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होऊ लागला आणि बाहेर पडल्यावर बरे वाटले, तर हीच शंका प्रथम घ्यावी. आगीशी संबंध नसलेल्या अपघाती कार्बन मोनॉक्साइड विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक माणसे मरतात, असे सीडीसी ही तिथली सरकारी आरोग्यसंस्था सांगते. महाराष्ट्रातही बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू ठेवून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात वाचाव्या लागतात. तिथेही मारेकरी हाच असतो, आणि तिथे तर धूर बाहेर नेणारा पाइपसुद्धा बहुधा नसतो.

म्हणून अलार्म हवा. इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथे, १ जानेवारी २००७ पासून प्रत्येक झोपण्याच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत चालू स्थितीतला कार्बन मोनॉक्साइड अलार्म असणे कायद्याने बंधनकारक आहे. हा वायू हवेइतक्याच घनतेचा असल्याने अलार्म छताशीच हवा असे नाही. मात्र तो थोडक्यालाही लगेच वाजतो असा समज चुकीचा आहे: अमेरिकी मानकानुसार हवेत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) प्रमाण असेल तर तो एक ते चार तासांत, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजणे अपेक्षित असते, आणि ३० पीपीएमला तर तो कित्येक दिवस गप्प राहतो. घरात तान्हे बाळ, गरोदर स्त्री किंवा हृदयविकार असलेले आजी-आजोबा असतील, तर कमी प्रमाणही आकड्यांत दाखवणारा मॉनिटर घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. अलार्मच्या आतला सेन्सर थकतो, आणि मागच्या बाजूला बदलण्याची तारीख छापलेली असते; चाचणीचे बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे सेन्सरही चांगला आहे असे होत नाही. तीन-तीन बीप म्हणजे धूर आणि चार-चार बीप म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हे मुलांनाही शिकवून ठेवावे. चार बीप ऐकू आल्या की सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरूनच ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा.

गॅसगळती हा निराळा प्रसंग, आणि तिथे वास मदतीला येतो. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी साचलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण मरण पावले, त्यांत बहुतेक मुले होती, आणि त्यानंतर वायूत सडक्या अंड्यासारखा वास मिसळण्याची सक्ती आली. आपल्याला सिलिंडरची सवय असते, आणि सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. इथला पाइपमधला वायू हलका असल्याने छताकडे जातो. वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंदही न करता बाहेर पडावे आणि दूर गेल्यावर फोन करावा.

फर्नेसच्या आसपास काय ठेवतो यालाही महत्त्व आहे. रंग, थिनर, पेट्रोलचा डबा तिथे असू नये हे सहज पटते. पण ब्लीच आणि इतर क्लोरीनयुक्त वस्तूंची वाफ ज्वलनाच्या हवेत गेली तर आम्ल तयार होऊन हीट एक्स्चेंजर गंजतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. बेसमेंटमध्ये दिवाळीचे सामान आणि रिकाम्या बॅगा रचताना फर्नेसच्या समोर माणूस बसून काम करू शकेल एवढी जागा मोकळी ठेवावी.

गॅसचा दाब, ज्वलनाचे मोजमाप आणि हीट एक्स्चेंजरची तपासणी ही कामे मात्र आपली नाहीत. त्यासाठी दर वर्षी सप्टेंबरमध्ये, सर्वांची झुंबड उडण्याआधी, तंत्रज्ञाला बोलवावे आणि त्याने ज्वलन-विश्लेषक पाइपमध्ये घालून धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा घेतला का, हे विचारावे. तो आकडा, गॅसचा दाब आणि तापमानवाढ बिलावर लिहून द्यायला सांगावे. काही जण नुसता ब्रश फिरवून आणि फिल्टर बदलून जातात. आकडे मागितले की भेटीचे स्वरूपच बदलते, आणि पुढच्या वर्षी तुलनेला आधार मिळतो. तडा गेल्याचे सांगून नवी फर्नेस सुचवली गेली, तर फोटो मागावा आणि दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावी, पण तोवर जुनी पेटवू नये.

नवी फर्नेस घेण्याची वेळ आलीच, तर अंदाजपत्रकात वॉटर हीटरचा उल्लेख आहे का ते पाहावे. जुनी फर्नेस आणि वॉटर हीटर बहुधा एकाच धुराड्यात धूर सोडत असतात. नवी फर्नेस स्वतःचे पाइप भिंतीतून बाहेर नेते, आणि मागे एकट्या राहिलेल्या वॉटर हीटरला ते मोठे, थंड धुराडे पुरेसे तापवता येत नाही. मग त्याचा धूर वर जाण्याऐवजी बेसमेंटमध्ये उतरू शकतो, आणि स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट चालू असेल तर ही शक्यता आणखी वाढते. धुराड्यात योग्य व्यासाचे अस्तर घालण्याचा किंवा वॉटर हीटर बदलण्याचा खर्च त्याच करारात लिहून घ्यावा, आणि काम झाल्यावर दारे-खिडक्या बंद करून, घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे चालू ठेवून, वॉटर हीटरचा धूर बाहेर ओढला जातो आहे हे तंत्रज्ञाला आपल्यासमोर तपासायला लावावे.